आजीला घेऊन कॉन्सर्टखेबाऊला, आणि खडीसाखरेची पुडी

चिंगळी:

लहान मुलांना मैफिलीला न्यावं की नाही यावर मागे इथे बरीच हाणामारी झाली होती. तेव्हा मी गप्प होते, कारण अनुभव शून्य. आता एक आलाय, म्हणून हा धागा. लांबलाय, चहा घेऊन बसा.

आम्ही ॲमस्टरडॅमजवळ आम्स्टलफेनला राहतो. घरात मुलगा सात वर्षांचा, मुलगी पावणेपाच, आणि सध्या तीन महिन्यांसाठी सांगलीहून आलेल्या सासूबाई. आईंनी लग्नाआधी गाण्याच्या परीक्षा दिल्यात, अजून पहाटे भूप गुणगुणत कणीक मळतात. इथे येऊन त्यांनी ट्युलिप पाहिले, पवनचक्क्या पाहिल्या, चीजच्या दुकानात नाकाला पदर लावून झाला. मग एके दिवशी म्हणाल्या, "यांचं गाणंबिणं काही असतं की नाही?"

तर ॲमस्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाऊ या संगीताच्या सभागृहात रविवारी सकाळी मुलांसाठी कार्यक्रम होता. (स्पेलिंगमध्ये 'ग' आहे, पण डच लोक तो घसा खरवडून 'ख' करतात. आमचे चिरंजीव मला रोज दुरुस्त करतात.) कार्यक्रम होता 'पीटर आणि लांडगा'. एक निवेदक गोष्ट सांगतो आणि प्रत्येक पात्राचं एक वाद्य ठरलेलं. पक्षी म्हणजे फ्लूट, बदक म्हणजे ओबो, मांजर क्लॅरिनेट, आजोबा म्हणजे 'बसून' नावाचं वाद्य, लांडगा तीन हॉर्न, शिकाऱ्यांच्या बंदुका म्हणजे ढोल आणि टिंपनी, आणि पीटर स्वतः व्हायोलिनचा सगळा ताफा. एकच अडचण, निवेदन डचमध्ये. माझं डच भाजी आणण्यापुरतं, आईंचं शून्य. मुलगा शाळेत डचच बोलतो. म्हणजे आख्ख्या कुटुंबाचा दुभाष्या सात वर्षांचा, समोरचे दोन दात पडलेला.

ट्रामने गेलो. पाऊस होताच. म्युझियमप्लाइनच्या एका टोकाला राइक्सम्युझियम आणि दुसऱ्या टोकाला ही इमारत, डोक्यावर सोनेरी लायर. ते वाद्य बघून आई म्हणाल्या, "कळसाच्या जागी वीणा लावलीय. बरोबर आहे." इमारत १८८८ सालची. ११ एप्रिलला उघडली तेव्हा इथे शहर संपून कुरणं सुरू होत होती आणि ही जागा मोडत होती न्यूअर-आम्स्टल नावाच्या गावात. त्या गावाचं नाव पुढे १९६४ मध्ये बदलून आम्स्टलफेन झालं. म्हणजे एका अर्थी हॉल मूळचा आमच्याच गावचा! हे मी आईंना ट्राममध्ये सांगितलं तर त्यांनी शेजारी बसलेल्या बाईंकडे अशा नजरेने पाहिलं की जणू जागा आम्हीच बक्षीस दिलीय.

आत शिरल्यावर मात्र आई थबकल्याच. मोठा हॉल सरळ लांबट, चपलेच्या खोक्यासारखा. लाल खुर्च्या, भिंतीवर चुन्यात काढलेली नक्षी, आणि बाल्कनीच्या कठड्यावर सगळीकडे संगीतकारांची नावं. माह्लर, ब्रुकनर आणि मध्येच डीपनब्रोक, डॉपर अशी डच मंडळी. आईंनी मला एकेक नाव वाचायला लावलं आणि विचारलं, "ही सगळी यांची घराणी का?" मी हो म्हटलं. याहून चांगलं उत्तर मला अजूनही सुचलेलं नाही.

मंचाच्या मागे मोठा ऑर्गन, आणि तिथून लाल गालिच्याचा जिना खाली मंचावर उतरतो. कंडक्टर सगळ्यांदेखत तो उतरून येतो. टाळ्या चालू, आणि तो आपला पायऱ्या उतरतोय. आई कुजबुजल्या, "गुडघे चांगले दिसतात." (त्यांचा विषयच गुडघे.)

मग सुरू झालं. निवेदक बोलला की मुलगा आजीच्या कानात मराठी करणार. "आता पीटर बाहेर गेला. आजोबा ओरडणारेत. थांब, थांब, आता बदक." ओबो वाजला तशा आई ताठ बसल्या. "अरे, हे बदक सनई वाजवतंय!" पोरगं म्हणालं, "आजी, ओबो आहे." आई म्हणाल्या, "असेल. माहेर सनईचंच आहे."

आणि मग ती पुडी. आईंना कोरडा खोकला येतो म्हणून पर्समध्ये खडीसाखर असते, वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली. अशा हॉलमध्ये कागद उलगडणं म्हणजे काय ते तिथे बसल्यावर कळतं. लांडगा पाय न वाजवता मागून येतोय, हजारभर माणसं श्वास रोखून, आणि आमच्याकडे कुर्र, कुर्र, कुर्र. पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून पाहिलं. मला जमीन दुभंगावी असं झालं. आईंनी शांतपणे पुडी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी एक खडा घेतला! तोंडात टाकला, मान डोलावली, परत पुढे वळल्या.

शेवटी लांडग्याला बांधून मिरवणूक निघते. तेव्हा निवेदक म्हणतो की नीट कान दिलात तर लांडग्याच्या पोटातून बदकाचा आवाज ऐकू येईल, कारण घाईघाईत लांडग्याने ते जिवंतच गिळलं होतं. आणि खरंच, ओबो, अगदी हळू. मुलाने हे भाषांतर केलंच नाही. आजीचा दंड घट्ट धरून बसून राहिला. आईंना काही सांगावंही लागलं नाही. त्या "आहे, आहे, आत आहे" असं पुटपुटल्या, आणि मग चांगली मोकळी "वाऽ" गेली त्यांच्या तोंडून. आजूबाजूची दोनचार पोरं हसली. कोणी शुक्‌ केलं नाही.

परत येताना ट्राममध्ये वाद. पोराचं म्हणणं, गोष्ट अशी अर्धी कशी सोडली, बदक बाहेर कधी येणार? मग आजीने स्वतःची गोष्ट जोडली. त्यात लांडग्याला ढेकर आली, बदक बाहेर पडलं, भोपळ्यात बसलं आणि टुणूक टुणूक लेकीकडे गेलं. आम्स्टलफेन येईपर्यंत ते तूपरोटी खाऊन लठ्ठसुद्धा झालं होतं.

शंकासुर:

छान लिहिलंय. पण सात वर्षांचं ठीक, पावणेपाचवालीचं काय झालं ते सफाईने गाळलंत! आम्ही आमच्या चार वर्षांच्या कन्येला एका सभागृहात 'सहकुटुंब या' असं लिहिलेल्या कार्यक्रमाला नेलं होतं. विसाव्या मिनिटाला तिने मोठ्याने विचारलं, "हे काका झोपलेत का?" (काका आलापीत डोळे मिटून होते.) दारावरच्या माणसाने आम्हाला बाहेर नेऊन व्हरांड्यात उभं केलं, शाळेत करतात तसं. कोणतं सभागृह ते सांगत नाही. तेव्हापासून हिंमत नाही.

चिंगळी:

@शंकासुर, पकडलंत. पावणेपाचवालीने पहिली दहा मिनिटं झुंबरं मोजली, नंतर दहा मिनिटं पुढच्या खुर्चीच्या पाठीला नाक लावून बसली, आणि शिकाऱ्यांच्या बंदुका सुरू झाल्या तेव्हा आजीच्या मांडीवर झोपली होती. ढोल वाजले तरी उठली नाही. पण आज दोन दिवस झाले, आंघोळीच्या टबात ती मांजराची धून म्हणतेय. सुरात नाही, पण मांजर ओळखू येतं. झोपेत ऐकलं की त्या पहिल्या मिनिटांत, देव जाणे.

आणि तुमच्या कन्येचा प्रश्न रास्त होता.

अर्धाकोमल:

आईंच्या कानाला दंडवत. ओबो आणि सनई दोन्ही दुहेरी पत्तीची वाद्यं, दोन्हींची नळी खाली रुंद होत जाणारी. तोंडात दोन पात्या एकमेकींवर थरथरतात म्हणून तो नाकातला, जरा रडवा आवाज येतो. क्लॅरिनेटला पत्ती एकच, म्हणून त्याचा आवाज गोल, मांजराच्या पावलासारखा. रशियन संगीतकार प्रोकोफिएवने हे १९३६ मध्ये मॉस्कोच्या मुलांच्या नाट्यगृहासाठी लिहिलं, मुलांना वाद्यं ओळखता यावीत म्हणून. कुठल्याही शिकवणीपेक्षा चांगलं काम करतं, कारण मुलाला 'ओबो ओळख' असं कोणी सांगत नाही. बदक कुठंय ते शोध, एवढंच सांगतात.

माझा मुद्दा याच्याशीच आहे. आपल्याकडे मुलांना मैफिलीला नेतात तेव्हा एकच सूचना देतात: गप्प बस. शोधायला काही देत नाहीत. मी भाच्याला 'सम (तालाची पहिली मात्रा) आली की मांडीवर थाप मार' एवढंच सांगून नेला होता. विलंबित एकतालात बिचारा केवढा वेळ दबा धरून बसला, आणि सम आली तेव्हा त्याने मारलेली थाप तबलजींनीही पाहिली. ते हसले त्याच्याकडे बघून. पोरगं आता तबला शिकतंय.

पाटावरची:

लेख गोड आहे, आजी तर फारच. पण एक टोचलं. हे सगळं 'श्वास रोखून बसलेली हजार माणसं' प्रकरण मला कधी पटलं नाही. आमचं बालपण सवाईच्या मंडपात गेलं. सतरंजीवर आई-बाबा, मध्ये डबा, कडेला आम्ही. झोप आली की झोपायचं, पहाटे कोणीतरी हलवून उठवायचं की ऊठ, भीमसेन बसले. कोणी शांत बस म्हणून तंबी दिली नाही. दाद द्यायची असेल तर तिथल्या तिथे द्यायची, शेवटपर्यंत गाठोड्यात बांधून ठेवायची नाही. त्या आजींची 'वाऽ' गेली तेव्हा पोरं हसली म्हणता. मोठ्यांच्या कार्यक्रमात गेली असती तर?

चिंगळी:

मोठ्यांच्या कार्यक्रमात आम्ही आईंना नेलंच नसतं, हे प्रामाणिक उत्तर. त्या थांबल्याच नसत्या.

अर्धाकोमल:

@पाटावरची, गंमत म्हणजे ही शांतता त्यांचीही जन्मजात नाही. कॉन्सर्टखेबाऊच्या वाद्यवृंदाचे पहिले कंडक्टर विलेम केस. १८८८ मध्ये ते आले तेव्हा ॲमस्टरडॅमचे रसिक संगीत चालू असताना खात-पीत होते, गप्पा मारत होते, मनाला येईल तेव्हा येत-जात होते. केसनी ते सगळं बंद करवलं. म्हणजे ज्याला आपण 'त्यांची संस्कृती' म्हणतो तो एका कडक मास्तरने लावलेला नियम आहे. केसनंतर १८९५ मध्ये मेंगलबर्ग आले तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते, आणि त्यांना तयार शिस्तीचे श्रोते मिळाले.

दुसरं म्हणजे शांततेला तिथे कारण आहे. माईक नाही. हॉल भरलेला असतानाही सूर साधारण दोन सेकंद रेंगाळतो. ओबो अगदी हळू वाजला तरी शेवटच्या रांगेपर्यंत जातो, पण मग खडीसाखरेचा कागदही जातो! सवाईला भोंगे असतात, तिथे तुम्ही कुरमुऱ्याचं पोतं फोडलंत तरी षड्ज हलत नाही. उलट त्या हॉलमध्ये द्रुत तबला ठेवून बघा. बोलावर बोल चढून नुसती आमटी होईल. व्हायोलिनच्या लांब सुराला तो घुमारा अमृत, तबल्याला विष. आपलं संगीत दिवाणखान्यात वाढलं, त्यांचं हे संगीत अशा हॉलसाठी लिहिलं गेलं. कान द्यायची रीत त्यावरून ठरते.

पाटावरची:

मास्तरचं माहीत नव्हतं. आमटी पटली. सतरंजी सोडत नाही.

खांबवाला:

मी स्थापत्यवाला, संगीतातलं काही कळत नाही, पण त्या इमारतीची मजा वेगळीच आहे, ती कोणी सांगितली नाही म्हणून सांगतो. ॲमस्टरडॅमची जमीन म्हणजे वर पीट (कुजलेल्या झाडपाल्याची भुसभुशीत माती) आणि चिखल, बरंच खाली गेल्यावर वाळूचा थर. त्यामुळे जुन्या इमारती लाकडी खांबांवर उभ्या. या हॉलखाली असे २,१८६ खांब होते. लाकूड पाण्याखाली बुडून राहिलं तर शतकानुशतकं टिकतं, पण पाण्याची पातळी खाली जाऊन टोकांना हवा लागली की कुजायला लागतं. १९८० च्या दशकात लक्षात आलं की हॉल खचतोय, भिंतींना तडे जातायत. मग सगळ्या इमारतीचा भार नव्या पायावर घेतला, धातूच्या नळ्या आणि काँक्रीट वापरून. हे काम चालू असताना वरच्या मैफिली बंद ठेवल्या नाहीत! खाली पाया बदलतायत आणि वर माह्लर चालू. आपल्याकडे एक रस्ता उकरला तर तीन वर्षं वळसा.

आर्किटेक्ट फान खेंट स्वतः ध्वनिशास्त्राचे कोणी जाणकार नव्हते असं म्हणतात. लाइपझिगच्या हॉलचा धडा घेतला आणि साधलं. लाइपझिगचा तो हॉल पुढे दुसऱ्या महायुद्धात गेला. हा राहिला.

शंकासुर:

खांबवाला, तुम्ही वेगळा धागा काढा. अवांतर: आजींना गुडघ्यांवर काय सांगाल?

गिरगावची_मावशी:

इथे बसूनही हा अनुभव घेता येतो हं. आपलं चर्नी रोडचं रॉयल ऑपेरा हाऊस आहे ना. १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालं, पुढे तिथे आपली संगीत नाटकं झाली, मग सिनेमे लागले, मग १९९३ पासून कुलूप. माझ्या लहानपणी आम्ही बसमधून जाताना आई सांगायची, "आत सोनेरी छत आहे." आत जायला कधी मिळालं नाही, मला वाटायचं बनवते. २०१६ मध्ये दुरुस्त होऊन उघडलं तेव्हा मी नातवाला घेऊन गेले आणि पहिलं काय केलं तर वर पाहिलं. आहे. बाजूला झुंबरं पण आहेत. तो पाच वर्षांचा होता. त्याला छताशी काही देणंघेणं नव्हतं, त्याला बॉक्समध्ये बसायचं होतं, 'राजासारखं'. नाही मिळालं म्हणून कार्यक्रमाच्या आधी रडला. कार्यक्रम सुरू झाला तसा चेलोवाल्या बाईंकडे बघत राहिला. नंतर म्हणाला, "ती बाई एवढं मोठं बाळ घेऊन बसली होती." तेव्हापासून आमच्या घरी चेलोचं नाव मोठं बाळ.

रंकाळ्याकाठी:

मावशी, तुमचं कुलूप तरी उघडलं. आम्ही केशवराव भोसले नाट्यगृह जळताना पाहिलं. ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून बांधलेलं. मी लहानपणी तिथे बालनाट्यात झाड झालो होतो. संवाद नव्हता, फक्त हलायचं होतं. विंगेत उभं राहिलं की जुन्या लाकडाचा वास यायचा आणि खाली फळ्या करकरायच्या. त्या रात्री रस्त्यावर उभं राहून बघताना बाजूला म्हातारी माणसं नुसती रडत होती. माझ्या पोराने विचारलं, "बाबा, तू जिथे झाड होतास ते हेच?"

चिंगळी:

@रंकाळ्याकाठी, आईंना वाचून दाखवलं. त्यांनी तिथे नाटकं पाहिलीत. बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "त्यांना सांग, झाडाचं काम सोपं नसतं."

नवी_नवरी_डेल्फ्ट:

ताई, आम्हालाही जायचंय, मुलगा सहाचा. तिकीट कुठलं काढू? आधी काही तयारी? आणि एकाच रचनेच्या दोन भागांच्या मध्ये टाळी वाजवली तर खरंच बघतात का सगळे?

चिंगळी:

टाळीचं सोडून दे, मुलांच्या कार्यक्रमात कोणी बघत नाही. मोठ्यांच्यात शेजारच्याने वाजवली की वाजवायची, एवढाच नियम मी पाळते.

तिकिटाचं सांगते, कारण आम्ही चुकलो. खालच्या मजल्याची जमीन सपाट आहे, उतार नाही. मंच चांगला उंच आहे, पण पुढे सहा फुटी डच बाप बसला की पोराला फक्त मान दिसते. (आमच्या पुढे ती खडीसाखरवाली बाई होती, ठेंगणी, नशीब.) बाल्कनीची पुढची रांग मिळाली तर घे. आणि मंचावरच वादकांच्या मागे बसायच्या जागा असतात, त्या विक्रीला असतील तर मोठ्या मुलांसाठी सोन्यासारख्या. तिथून कंडक्टरचा चेहरा दिसतो, ढोलवाला हाताच्या अंतरावर. एरवी आपल्याला कंडक्टरची पाठच माहीत असते.

तयारी म्हणशील तर आम्ही आदल्या आठवड्यात रात्री जेवताना फक्त तीन प्राण्यांच्या धुना लावल्या. बदक, मांजर, लांडगा. बाकी मुद्दाम ठेवल्या. तिसऱ्या दिवशी पोरं वरणभात खाताना "आलं, मांजर आलं" ओरडायला लागली. गोष्टीचा शेवट मात्र सांगू नकोस. पोटातलं बदक त्याचं त्याला सापडू दे.

नवी_नवरी_डेल्फ्ट:

काढलं तिकीट! बाल्कनी, पुढची रांग. माझे बाबाही येणारेत त्या सुमारास, त्यांनाही नेते. त्यांना खोकला आहे.

पाटावरची:

खडीसाखर डबीत ने गं. स्टीलची नको, वाजते. लाकडी कुंकवाच्या करंड्यात.

चिंगळी:

आईंनी आत्ताच ऐकलं. म्हणतात करंडा नको, कुंकू लागेल. रुमालात बांध, सुती, जुना धुतलेला. आणि थोडी जास्त ने, पुढच्या रांगेला पुरली पाहिजे.